मोएलवरचं पडकं घर आम्ही पुन्हा रचलं त्याची हकीकत

हेन्द्रे, मोएल डोंगराचा पायथा
१४ सप्टेंबर, रविवार, चॅपलमधून आल्यावर

प्रिय आणि तितकीच पूज्य नेस्टाताईस,

धाकट्या भावाचे सहा वर्षांचे साठलेले नमस्कार एकदम घे. मोजत बसू नकोस, कमी भरतील. आम्ही इथे सगळे धडधाकट आहोत. तुझी तब्येत कशी आहे? झोप लागते ना? जेवण जातं ना? लिव्हरपूलची हवा समुद्राची, ती दम्याला चांगली म्हणतात (तुला दमा नाही हे मला ठाऊक आहे, पण असता तर चांगली पडली असती). दाजींच्या गुडघ्याचं काय झालं? डावा होता की उजवा ते आठवत नाही, तेव्हा चौकशी दोन्हींची समज. एवढ्या विचारपुशीने तुला संशय येईल हे मी जाणतो, पण सख्ख्या बहिणीची विचारपूस करायला भावाला कारण लागत नाही. बेथान मात्र पाठीमागे उभी राहून म्हणतेय, "अहो, फोन करा की. पत्र लिहायला कोणी मेलंय का?" तिला काय कळतंय? फोनवर तू मधेच बोलतेस. पत्राचं बरं असतं, समोरच्याला मधे तोंड घालता येत नाही.

तर मुख्य बातमी मोएलची. ज्या जमीनदाराकडून आपण डोंगर चराईला घेत आलो, त्याच्या वारसांनी तो विकायला काढलाय आणि घेणारी कंपनी तिथे झाडं लावणार आहे. एक-दोन नव्हे, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, कंगव्याच्या दातांसारखी. त्यांच्या अर्जात लिहिलंय की या उतारावर कधीही मनुष्यवस्ती किंवा शेती नव्हती. कधीही! मी ते वाक्य चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, मग मोट कुत्र्याला वाचून दाखवलं. तो गुरगुरला. मेंढ्यांचं तुला सांगायला नकोच. मोएलवर कुंपण नाही, आईने कोकराला दाखवली तीच हद्द, आणि त्या कोकराने पुढे आपल्या कोकराला. एकदा कळप खाली आला आणि डोंगर बंद झाला की ती शाळा मिटली. मेंढी बाजारात दुसरी मिळते, मोएल ओळखणारी मिळत नाही. म्हणजे डोंगर गेला की आपलं हे घर, हेन्द्रेही गेलंच, हे मी तुला स्पष्ट सांगतो, कारण चॅपलमध्ये सगळे "होईल काहीतरी" म्हणतात आणि ते ऐकून माझं डोकं उठतं.

उपाय एकच उरला होता. वरच्या टेकाडावर नेच्यांखाली जे दगडांचे उंचवटे आहेत ना, तिथे जुन्या काळी माणसं बारा महिने राहत होती आणि धान्य पिकवत होती असं सिद्ध झालं, तर जागा संरक्षित होते. मग तिथे झाड लावता येत नाही. नुसती उन्हाळ्यापुरती मेंढपाळाची झोपडी निघाली तर उपयोग नाही, तशा झोपड्या डोंगरोडोंगरी आहेत. हे शोधायला विद्यापीठाने डॉक्टर लोवरी नावाची मुलगी पाठवली. डॉक्टर म्हणजे औषधं देणारी नव्हे, जमीन खणणारी. (ओढ्यापलीकडच्या एम्रिसने पहिल्याच दिवशी तिला आपली दुखरी पाठ दाखवली, तो भाग वेगळा. तोच एम्रिस, ज्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात गडगा, म्हणजे नुसत्या दगडांची भिंत, रचायचं बक्षीस तीनदा मिळालं आणि चौथ्यांदा मला मिळालं, ते त्याला अजून पचलेलं नाही.)

पोरगी कामाची निघाली. पंधरा दिवसांत तिने नेचे काढून लांबच्या लांब घर उघडं केलं. एकाच छपराखाली वरच्या टोकाला माणसं, खालच्या टोकाला गुरं, मधे मोरी. सातशे वर्षांपूर्वीचं असावं म्हणते. पण तिची रीत बघून माझा जीव जायचा. दिवसभर गुडघ्यांवर बसून दगडाला कुंचल्याने गोंजारायचं, त्याचं चित्र काढायचं, त्याला आकडा घालायचा आणि दगड होता तिथेच ठेवायचा. पडलेली भिंत पडलेलीच! आपल्याकडे पडका गडगा बघून जो पुढे जातो त्याला लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे. मी रोज चहाचा थर्मास घेऊन वर जायचो, ते बघायचो आणि हात खिशात घालून उभा राहायचो. हात शिवशिवतात म्हणून खिशात.

एकदा मात्र मी तोंड उघडलं. ती घराचं दार पूर्वेला शोधत होती. मी म्हटलं, "पोरी, दार दक्षिणेला आहे." ती म्हणाली, "कशावरून, काका?" म्हटलं, पाऊस आला की मेंढ्या कुठून आत शिरतात ते बघ. तिने हसून दक्षिणेला खणलं आणि निघाला की उंबरठा, मधे झिजलेला! तिने वहीत माझं नाव लिहिलं. खरं सांगतो ताई, त्या दिवसापासून माझी खात्री पटली की या शास्त्रात मला उपजत गती आहे. अजूनही माझं मत तेच आहे, मधे जे झालं ते झालं तरी.

आता मधे काय झालं ते. घराच्या वरच्या अंगाला दगडांचा एक ओबडधोबड ढीग होता. लोवरीला संशय होता की ती धान्य वाळवायची भट्टी असावी. आपल्याकडच्या पावसात ओट पिकला तरी वाळायचा कसा, म्हणून जुनी माणसं जमिनीत वाटीसारखा दगडी खड्डा बांधून, खालून धग देऊन तो वाळवत. भट्टी निघाली की शेती सिद्ध, शेती सिद्ध की मोएल वाचला. म्हणून तो ढीग तिने सावकाश उलगडायला शेवटी ठेवला होता. हे तिने मला सांगितलं होतं का? सांगितलं असणार. माझं लक्ष भिंतीकडे होतं. आणि मग तिला कळलं की गुरुवारी तिघांची सरकारी समिती जागा बघायला येणार. कागदपत्रं आणायला ती सोमवारी शहरात गेली, बुधवारी परतणार होती. मी विचार केला, समिती येणार, पाहुणे येणार, आणि घराच्या भिंती लोळतायत. ही काय पाहुण्यांना दाखवायची रीत झाली? आई असती तर तिने पडदेसुद्धा धुतले असते.

आपली पद्धत तू विसरली नसशील. मेंढ्या कातरायच्या असोत की कोणाचं छप्पर उडालेलं असो, एकाने निरोप दिला की सगळे हजर. मी मंगळवारी सकाळी बाजारात तीनच माणसांच्या कानावर घातलं, दुपारी मला धरून तेवीस जण वर जमले. कोणी पहारी घेऊन, कोणी हातोड्या, एम्रिस तर स्वतःचा दोरा आणि ओळंबा घेऊन. बेथानने दोन मोठ्या पातेल्यांत मटणाचं पातळ कालवण आणि बटाटे केले, चार पाव मनुकांचे. मी दगडावर उभा राहून दोन शब्द बोललो. (भाषण लांबलं असं एम्रिस म्हणतो. त्याला कोणाचंच भाषण आवडत नाही.) आणि ताई, काय काम झालं! गडगा रचणाऱ्याचा नियम, उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही, बसेल तिथे बसवायचा. दगड कमी पडले तसा शेजारचा ढीग हाताशी होताच. संध्याकाळपर्यंत चारही भिंती कमरेपर्यंत आल्या, कोपरे असे की त्यावर अंडं ठेवावं. एम्रिस माझ्या बाजूकडे बघून म्हणाला, "इद्रिस, तुझी भिंत बघून मेंढीला उडी मारायचासुद्धा उत्साह येत नाही रे, नुसती टेकली तरी पडेल." मी त्याला म्हटलं, "तू टेकून बघ, वजन तुझंच जास्त आहे." असे सगळे आनंदात होते. शेवटी ढिगाखालची जागा काळी, मातकट दिसत होती म्हणून कोणीतरी ओढ्याला पंप लावून ती स्वच्छ धुऊन काढली. थोडक्यात, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा ठेवली नाही.

बुधवारी लोवरी आली. मी वर जाऊन वाटच बघत होतो, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. ती भिंतीपाशी आली, थांबली, तिच्यावरून हात फिरवला आणि खाली गवतात बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "काका, इथला ढीग कुठेय?" मी अभिमानाने म्हटलं, "हा काय, भिंतीत!" मग तिने धुतलेल्या जमिनीकडे बघितलं आणि विचारलं, इथली काळी माती? मी ओढ्याकडे हात केला. त्या काळ्या मातीत म्हणे जळलेले ओटचे दाणे असतात. सातशे वर्षं टिकलेले दाणे, आणि आमच्या पंपाने दहा मिनिटांत गावाखालच्या पुलापर्यंत पोचवले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, पण ताई, मारुती अत्यंत सुबक झाला होता, एवढं मी आजही म्हणेन. बेथान वर आली, तिने पोरीला चहा दिला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही गप्प बसा." मी काही बोललोच नव्हतो.

गप्प बसणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. मी तासाभराने एम्रिसला बोलावलं. तो भिंतीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मग काढू या की. जिथला होता तिथे ठेवू." (मीही हेच म्हणणार होतो, तो आधी म्हणाला इतकंच.) लोवरीला वाटलं आम्ही तिची चेष्टा करतोय. शेकडो दगड, ते कुठून उचलले ते कोणाला आठवणार? आता हे शहरातल्या माणसाला कसं समजवायचं! माणूस दगड उचलण्याआधी त्याला चारही अंगांनी बघतो, हातात तोलतो, तोंड कुठलं, पोट कुठलं ठरवतो. तो दगड मग विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही. मला माझ्या लग्नाची तारीख विचारू नकोस, पण एकोणीसशे ब्याऐंशी साली खालच्या वाटेवर बसवलेला निळसर दगड मी डोळे मिटून सांगेन.

त्याच दुपारी तेवीसच्या तेवीस परत आले, सगळे चॅपलमध्ये उशिरा शिरल्यासारखे मान खाली घालून. ज्याने जो दगड बसवला त्याने तो काढला आणि होता तिथे नेऊन ठेवला. "हा लव्हाळ्याच्या अंगाला, पोट खाली." "हा त्याच्यावर आडवा." एका चपट्या दगडावरून माझं आणि एम्रिसचं चांगलंच जुंपलं. मी म्हणत होतो डावीकडचा, तो म्हणत होता खालच्या थरातला. "अरे, मी तुझ्या हातात दिला ना तो!" असं तो म्हणाला, आणि मग मला आठवलं की दिला होता. (हे त्याला सांगू नकोस, मी अजून कबूल केलेलं नाही.) लोवरीकडे उडत्या कॅमेऱ्याने वरून काढलेला ढिगाचा एक जुना फोटो होता. वरचा थर तिने त्याच्याशी ताडून पाहिला. दगडाला दगड जुळला. खालच्या थराचा फोटो नव्हताच, पण गुरुवारी सकाळी शेवटचा दगड ठेवला आणि ती एकदम वाकली. कितीतरी दगडांची एक बाजू आगीने लालसर झालेली होती, आणि त्या सगळ्या लाल बाजू आत, एकमेकींकडे तोंड करून होत्या. मधे वाटीसारखी पोकळी. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं तसं ठेवायला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं, एम्रिस म्हणाला वारा आहे.

समिती आली. तिने सगळं ऐकून घेतलं, दोघे हसले, एक नाही हसला. बरोबर कंपनीचा टायवाला साहेब होता. तो म्हणाला, आग पेटत होती हे मान्य, पण पेटवून काय केलं? मेंढपाळाने मटण भाजलं नसेल कशावरून? धान्य दाखवा. दाणे तर पुलाखालून गेले. बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला. शेवटी समितीने तीस तारखेपर्यंत मुदत दिलीय, तोवर इथे धान्य पिकत आणि दळलं जात होतं याचा एक तरी ठोस पुरावा द्यायचा. पण तू काळजी करू नकोस. माझी पूर्ण खात्री आहे की जिंकणार आपणच. मी लोवरीला तसं सांगितलंही. सत्तावीसला मोएलवरून मेंढ्या खाली आणायच्या आहेत, त्या पुढच्या वसंतात परत वर जाणार म्हणजे जाणारच. ढिगातल्या एकेका दगडाला लोवरीने आमच्या सांगण्यावरून आकडा घातलाय. तिच्या अहवालात म्हणे आता एक परिशिष्ट आहे, त्यात तेवीस जणांची नावं आहेत, माझं पहिलं.

दाजींना नमस्कार. दोन्ही गुडघ्यांना आराम पडो. नातवंडांना पापे.

तुझा भाऊ,
इद्रिस

ता. क. पाकीट बंद करणार तोच बेथानने विचारलं, "लिहिलंत का ते?" म्हटलं, हळूहळू येतोय तिथे. ती म्हणाली, "सही झाली की तुमची!" तर ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू? तुझ्या बागेत पक्षी आंघोळ करतात तो गोल दगड आहे ना, मधे खोलगट आणि काठाला खाच असलेला. तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, त्यात तो दाजींच्या मागे दिसतो. परवा लोवरी चहाला आली होती. तिने फोटो बघितला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, हे जातं आहे. जात्याची खालची तळी." मी म्हटलं, ते चिमण्यांचं न्हाणीघर आहे. ती काही हसली नाही. म्हणाली, हा दगड जर त्या घरातला असेल तर इथे धान्य दळलं जात होतं, आणि मग टायवाल्या साहेबाला बोलायला तोंड राहणार नाही. तेव्हा तो दगड हवा आहे.

आणखी ता. क. मला माहीत आहे मी काय मागतोय. बाबांनी घर मला दिलं, मेंढ्या मला, डोंगराची चराई माझ्या नावावर केली. मेंढ्या माझ्यापेक्षा तुला जास्त कळत होत्या हे सगळ्या गावाला माहीत होतं, बाबांनाही. "मुलगी काय, जाणार," म्हणाले आणि विषय संपला. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं. तू लग्न करून जाताना फक्त तो दगड मागितलास, दाजींनी तो गाडीच्या मागे ठेवला आणि गाडी मागून इतकी बसली की सगळे हसलो. मीच सगळ्यात जास्त हसलो. आणि हे पण लिहूनच टाकतो, काळी माती पंपाने धुणारा "कोणीतरी" म्हणजे मीच. एम्रिसने नको म्हटलं होतं.

शेवटचं. दगड द्यायचा नसेल तर देऊ नकोस, तो तुझा आहे. पण तू ये. लोवरी म्हणते, तो नेमका कुठे सापडला ते कळलं पाहिजे, घराच्या आत, भट्टीपाशी की बाहेर. जागा ठाऊक नसेल तर तो नुसता दगड. मी तिला छाती ठोकून सांगितलं की मला सापडला होता, जागाही दाखवतो. काल तिला घेऊन वर गेलो. सगळीकडे फिरलो. ताई, मला आठवत नाही. शेकडो दगड आठवतात आणि तो नाही, कारण तो मी उचललाच नव्हता. मी आठ वर्षांचा होतो, तू चौदा. तू मला पाठीवरून खाली उतरवलंस आणि माझ्या जागी तो दगड घेतलास, एवढंच आठवतं. घरापर्यंत मी रडत तुझ्या मागून आलो. लोवरीला काल हे सांगितलं. तिने वहीत त्या दगडापुढचं माझं नाव खोडलं आणि तुझं लिहिलं, पुढची जागा कोरी ठेवली आहे.